गमरे सरांचा होकार

प्रमोद गमरे यांनी मासे खाणं सोडलं आणि रत्नागिरीत ही गोष्ट लपून राहत नाही. माणसानं नोकरी सोडली, पक्ष सोडला, तरी इथली माणसं चार दिवस बोलून गप्प बसतात. पण चांगला धडधाकट माणूस बुधवारी ताटातला बांगडा नको म्हणाला, की शेजारी येऊन हळूच विचारतात, डॉक्टरनं काही सांगितलंय का? सरांनी सगळ्यांसाठी एकच उत्तर तयार ठेवलं होतं. "पित्त होतं." त्यांच्या पत्नी रसिकाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पंचवीस वर्षं पोरांच्या पोटदुख्या ऐकलेली बाई ती, तिला हे पित्त पहिल्याच दिवशी कळलं. पण ती बोलली नाही. एकदाच, भांडी लावताना, भिंतीकडे बघून म्हणाली, "खाई त्याला खवखवे."

खवखवण्याचं कारण मासळीबाजाराच्या फाटकाबाहेर, गटाराच्या कडेला पाटी घेऊन बसत होतं. त्या कारणाचं नाव आवडाबाई डोर्लेकर. तिच्यामुळे सरांनी बाजाराची वाट सोडली होती. लांबचा वळसा घालून ते कॉलेजला जायचे आणि वर 'चालणं होतं' असं सांगायचे.

सर वाढले पोफळीला. वडील सहदेव गमरे कोयनेच्या वीजघरात कामाला, राहायला कॉलनीतली दोन खोल्यांची क्वार्टर. आजोबांनी छप्पन सालानंतर लगेचच दीक्षा घेतलेली, त्यामुळे घरात देवघर नव्हतं, पुस्तकाचं कपाट होतं. सहदेव स्वतः सातवी पास. पण वाटेत शाळेतला मास्तर दिसला, तर हा माणूस सायकलवरून खाली उतरायचा आणि मास्तर पुढं गेल्याशिवाय पुन्हा पॅडलवर पाय ठेवायचा नाही. मागं कॅरिअरवर बसलेल्या प्रमोदनं हे इतक्या वेळा बघितलं, की आठवीतच त्यानं ठरवून टाकलं, आपल्याला बघून लोकांनी सायकलवरून उतरलं पाहिजे. शिक्षक व्हायचं हे काही फार थोर कारण नव्हे. पण याहून हलक्या कारणांनी चांगले शिक्षक झालेले आहेत.

आणि गमरे सर चांगलेच शिक्षक झाले. रत्नागिरीच्या एका कॉलेजात मॅनेजमेंटच्या मुलांना ते मार्केटिंग शिकवत. त्यांचा एक तास अभ्यासक्रमात कुठंच नव्हता, तरी पोरं वर्षभर त्याची वाट बघायची. दरवर्षी डिसेंबरात दुसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग सकाळी सात वाजता मासळीबाजारात न्यायचा आणि सांगायचं, तासभर कुणी तोंड उघडायचं नाही, नुसतं बघा. सातला सुरमईचा जो भाव होता तो दहाला का राहत नाही? आत भिंतीशी बसलेलीकडे गर्दी आणि दाराशी बसलेलीकडे नाही, असं का? गिऱ्हाईक पहिल्या बाईला विचारून तिसरीकडे का घेतं? मग कॉलेजात येऊन फळ्यावर बाजाराचा नकाशा काढायचा आणि पुस्तकातली सगळी जड नावं त्या नकाशावर लावायची. त्यातली एक गोष्ट सर आधी बाजारातून निघताना आणि मग फळ्यापाशी, अशी दोनदा ठासून सांगत. इथल्या बायकांच्या बसायच्या जागा कुठल्याही कागदावर नाहीत. सासूची सुनेला, आईची मुलीला अशा त्या चालत येतात. आणि बाई आजारपण नसताना महिनाभर बसली नाही, तर शेजारचीची पाटी सरकते. मग भांडण नाही, तंटा नाही. पाटी उठली की जागा उठली. व्यवसायाचं सगळ्यात मोठं भांडवल कधीकधी लिहिलेलंच नसतं, असं म्हणून सर खडू खाली ठेवायचे.

मग कोरोनाचं साल आलं आणि कॉलेजनं व्हिडिओंचा एक कोर्स विकत घेतला. निळा कोट घातलेला एक गोरागोमटा गृहस्थ पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहून, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी बोलत, व्यवसाय कसा करावा ते सांगायचा. साथ गेली, पण कोट राहिला. प्राचार्यांनी परिपत्रक काढलं की हा कोर्स यापुढं 'पूरक' म्हणून वापरावा. चाळीस मिनिटं शिक्षकानं शिकवावं, दहा मिनिटं व्हिडिओ दाखवावा. त्यावर वीस गुणांचा प्रकल्प.

खरं सांगायचं तर कोर्स वाईट नव्हता. त्या गृहस्थाकडे मोठमोठ्या कंपन्यांची उदाहरणं होती, चित्रं होती, आणि त्याचा घसा कधी बसत नव्हता. सरांचा बसायचा. पन्नाशी उलटली होती, दर आठवड्याला कुठली तरी समिती कॉलेज तपासायला यायची आणि तिच्यासाठी फायली भरायचं काम सरांकडे होतं. पहिल्या वर्षी दहा मिनिटांचा व्हिडिओ वीस मिनिटांचा झाला. दुसऱ्या वर्षी तीस. पूरक म्हणजे ताटातलं लोणचं. सरांच्या ताटात लोणचंच लोणचं झालं आणि भात कधी संपला ते त्यांना कळलं नाही. म्हणजे कळलं, पण त्यांनी ताटाकडे बघायचं टाळलं. डिसेंबरचा बाजारातला तास आधी एका वर्षी राहिला, मग राहतच गेला. तासाला सर दिवे घालवायचे, कोटवाल्याला सुरू करून द्यायचे आणि शेवटच्या बाकावर लॅपटॉप घेऊन समितीची फाईल भरायचे. पोरं कुरकुरली नाहीत. अंधारात पोरं कशाला कुरकुरतील?

त्या वर्गात दर्शना डोर्लेकर नावाची मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची, आणि अंधारातही वहीत लिहायची. व्हिडिओ मनापासून बघणारी वर्गातली बहुधा ती एकटीच. आई आवडाबाई बाजारात आत, भिंतीशी, पाण्याच्या नळाजवळ बसायची. बाजारातली ती मोक्याची जागा, आवडाबाईच्या आजेसासूपासून चालत आलेली. बाप बोटीवर खलाशी. घरातली कॉलेजात गेलेली ही पहिलीच.

त्या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय होता, व्हिडिओत शिकलेलं एक तत्त्व आपल्या ओळखीच्या धंद्याला लावून दाखवा. कोटवाल्यानं तिसऱ्या भागात सांगितलं होतं की एका जागी बसून गिऱ्हाइकाची वाट बघणं म्हणजे वेळेची नासाडी. जागा सोडा, गिऱ्हाईक मोबाइलमध्ये आहे, थेट त्याच्या दारात जा. दर्शनानं बावीस पानांचा प्रकल्प लिहिला. आईनं बाजारात बसायचं सोडायचं, बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, घरी साफ करून बर्फात भरायची, सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचे आणि घरोघरी, हॉटेलांत, गणपतीपुळ्याकडच्या लॉजमध्ये पोचवायची. सगळं अगदी आखीवरेखीव. रंगीत पेनांनी तक्ते काढलेले.

ती सरांना विचारायला आली होती. हे सरांना पुढं आठवलं, आणि आठवल्यापासून मासे घशाखाली उतरेनात. व्हिडिओ चालू होता, ती वाकून शेवटच्या बाकाशी आली आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलली. सरांच्या पुढ्यात समितीचा एक रकाना होता, 'नवीन तंत्रज्ञानाचा अध्यापनात वापर'. त्यात टक्केवारी भरायची होती आणि बेरीज शंभराच्या पुढं जात होती. "सर, मग चालेल ना आपल्याकडे?" एवढं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं. मान वर न करता ते म्हणाले, "व्हिडिओत सांगितलंय ना? मग हो. चालेल की." प्रकल्पाला त्यांनी वीसपैकी एकोणीस दिले. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, खाली सही केली.

दिवाळीनंतर आवडाबाई बाजारातून उठली.

डिसेंबरात पर्यटक आले आणि धंदा बरा चालला. जानेवारी सरता सरता लॉजवाल्यांचे फोन थांबले, आणि गावातल्या गिऱ्हाइकांची खरी गोष्ट पुढं आली. रत्नागिरीचा माणूस फोटो बघून सोनं घेईल, पण मासा घेणार नाही. त्याला कल्ला उघडून आतला लाल रंग बघायचा असतो, पोटावर बोट दाबायचं असतं, 'कालचा दिसतोय' असं म्हणून बाईशी दोन शब्द घालायचे असतात, आणि मगच पिशवी पुढं करायची असते. दर्शना दारात जायची, तेव्हा मासा साफ होऊन, तुकडे पडून, बर्फात बसलेला असायचा. त्याला कल्लाच नव्हता. लोक पिशवी उघडून बघायचे, नाक मुरडायचे आणि परत द्यायचे. हे निळ्या कोटाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्याकडे बघून तो आयुष्यात कधी मासळीबाजारात गेला असेल असं वाटतही नव्हतं. पण गमरे सरांना माहीत होतं. वीस वर्षं त्यांनी फळ्यावर तेच काढलं होतं.

फेब्रुवारीत आवडाबाई पाटी घेऊन बाजारात परत गेली. नळाजवळ शेजारची गंगुबाई बसलेली होती. आवडाबाईनं तिच्याकडे बघितलं, तिनं आवडाबाईकडे बघितलं, आणि आवडाबाई मागं फिरली. तेव्हापासून ती फाटकाबाहेर बसते. तिथं सावली नाही, पाणी नाही, आणि आत जाणारं गिऱ्हाईक आतलंच बघायला निघालेलं असतं. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची हजेरी घेताना सरांनी 'डोर्लेकर' असं तीनदा पुकारलं. मागून कुणीतरी म्हणालं, ती लांज्याला काजूच्या कारखान्यात जाते, सर.

हा सगळा इतिहास सरांना सांगितला तो रसिकाताईंनी. त्या फाटकाबाहेर मासे घ्यायला थांबल्या होत्या, बोलता बोलता निघालं. घरी येऊन त्यांनी जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजची मुलगी ना ती? वर्गात शिकवलं म्हणे हे."

"मी नाही शिकवलं. व्हिडिओत होतं," सर म्हणाले.

"मग पगार व्हिडिओला मिळतो का?" रसिकाताईंनी विचारलं आणि त्या कोथिंबीर निवडायला बसल्या.

त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात एक कोर्ट भरलं. आरोपी तेच, वकील तेच, आणि न्यायाधीशही ओळखीचेच असल्यामुळे सुरुवातीला बरेच दिवस सुटका होत राहिली. व्हिडिओ कॉलेजनं घेतला, मी नाही. पोरीनं घाई केली. प्रकल्प म्हणजे कागदावरची गोष्ट, ती खरी करा असं कुणी सांगितलं होतं? पण सुटलेला माणूस घरी जाऊन झोपतो. सरांना झोप येईना. जेवताना पोफळीची आठवण यायची. वडिलांना एकदा लहानपणी त्यांनी विचारलं होतं, यंत्रं आपली आपण फिरतात, मग तुम्ही तिथं आठ तास करता काय? सहदेव म्हणाले होते, "जागा राहतो." तेव्हा प्रमोद हसला होता. आता तो शब्द आठवला की ते ताट पुढं सारायचे.

शेवटी एका रविवारी सकाळी सर पिशवी घेऊन निघाले. रसिकाताईंनी कुठं म्हणून विचारलं नाही.

फाटकाबाहेर आवडाबाई होती. सर तिच्याकडे न बघता तसेच आत गेले. त्यांच्या मनात एक आशा होती. बाजारातल्या बायका त्यांना ओळखायच्या, मान द्यायच्या. चार शब्द टाकले तर नळाजवळ दोन हात जागा होईलही, आणि मग कबूल काहीच करावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. गंगुबाईसमोर उभं राहून त्यांनी घसा साफ केला, "ही जागा पूर्वी आवडाबाईंची होती ना?"

गंगुबाई काळीभोर, हडकुळी बाई. मागच्याच वर्षी नवरा गेलेला. ती मांदेलीचे वाटे लावत होती, ते लावून झाल्यावर म्हणाली, "होती, सर. मी सव्वा महिना थांबली. मग बसली. मना पण घर हाय." आणि मग हसून, अगदी साधेपणानं, "तुमीच पोरांना सांगायचेत ना इतं उभं रावन? पाटी उठली की जागा उठली. आमी आयकायचो की."

आजूबाजूच्या दोघी हसल्या. हसण्यात काही वाईट नव्हतं. सरांचे कान मात्र तापले. ते मागं वळले आणि फाटकातून बाहेर आले.

"सर!" आवडाबाईनंच हाक मारली. "बगितलंत नाय ते? वाईच बसा." तिनं शेजारचा एक प्लॅस्टिकचा क्रेट उलटा करून, वर गोणपाट टाकून पुढं सरकवला. सर बसले. ऊन थेट अंगावर येत होतं. आवडाबाईनं पाटीतले चार बांगडे निवडले, कल्ले उघडून त्यांना दाखवले, आणि न विचारताच साफ करायला घेतले.

"दर्शना कशी आहे?" सरांनी विचारलं.

"बरी हाय. सकाळच्या एसटीनं जाते, सांच्याला येते. काजूच्या चिकानं हात काले झालेत." तिनं बांगड्याचं डोकं वेगळं केलं. "तुमचं नाव काडते कदी कदी."

सरांना वाटलं, आता बोलायला हवं. "आवडाबाई, तिनं तो प्रकल्प केला ना, जागा सोडायचा. तो व्हिडिओत बघून केला तिनं. ते व्हिडिओ मी दाखवत होतो, पण ते बाहेरच्या लोकांचे. त्यांना इथलं काही ठाऊक नसतं."

"तां मना म्हायत हाय की," आवडाबाई म्हणाली. "मी काय त्या मोबाइलातल्या बाबाचं आयकून उठली काय? पोरीला तवाच म्हटलं, ह्या बाबानं आमचा बाजार कदी बगितलान? ह्याच्या सांगण्यावर मी आजेसासूची जागा सोडू? सरांना इचार म्हटलं. सर दर साली यायचे, तासतासभर उभे रावन बगायचे. त्यांना सगला म्हायत हाय. ते व्हय म्हणाले तर मी उठते." तिनं सुरी पाण्यात बुडवून काढली. "इचारणारी मी होती, सर. पोर नुसती निरोप घेवन आली तुमच्याकडं. दोनदा धाडली मी तिला."

दुसरी वेळही आता सरांना आठवली. स्टाफरूमचं दार, हातात फाईल, आणि दारात उभी राहून तोच प्रश्न पुन्हा विचारणारी मुलगी. तिला ते म्हणाले होते, सांगितलं ना हो म्हणून.

त्यांचा चेहरा बघून आवडाबाईलाच वाईट वाटलं. "जाव दे, सर. तुमी मनाला लावून घेव नका. तांडेल बोट नेतो, जालं टाकतो. कदी मासली लागते, कदी नाय. त्याला कोण शिव्या घालतं? त्यानं त्याच्या परीनं इचार केलेला असतो. तुमी पण इचार करूनच सांगितलंत. माणसाचा अंदाज चुकतो."

ती माफी होती. इतके दिवस ज्या माफीसाठी सर तळमळत होते ती न मागता, साफ केलेल्या बांगड्यांसकट समोर आली होती. नुसती मान हलवायची, 'हो, अंदाज चुकला' म्हणायचं, आणि उद्यापासून बाजाराच्या वाटेनं कॉलेजला जायचं. आवडाबाईच्या मनातला तो दर डिसेंबरात येणारा, तासभर उभा राहून बघणारा सरही तसाच राहिला असता. तिला तरी दुसरं काय उरलं होतं? आपण एका जाणत्या माणसाच्या शब्दावर उठलो, एवढंच. तेही काढून घ्यावं की नाही, हे सरांना खरंच कळेना. पण त्या माफीवर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि ती खिशात घालून घरी जाणं म्हणजे आणखी एक चोरी झाली असती.

"मी विचार केला नव्हता, आवडाबाई," ते म्हणाले. "ती काय विचारतेय ते मी ऐकलंच नव्हतं. मी माझं लिहीत होतो."

आवडाबाईचा हात थांबला. तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. गिऱ्हाईक माशाकडे बघतं तसं, कुठंही न थांबता, पार आतपर्यंत.

"दोनी वेला?"

"दोन्ही वेळा."

तिनं हातातला बांगडा साफ करून संपवला. रागावली असती, शिव्या घातल्या असत्या, तर सरांनी त्या खाली मान घालून ऐकल्या असत्या. त्यांची तशी तयारीही होती. तिनं चार बांगडे धुतले, पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. मग ओल्या हाताच्या मनगटानं कपाळावरचा घाम पुसला.

"वाईच उठा, सर," ती म्हणाली. "मना क्रेट लागेल."

सर उठले. आवडाबाईनं गोणपाट बाजूला केलं, क्रेट आपल्याकडे ओढून घेतला आणि फाटकाकडे निघालेल्या एका बाईला हाक मारली.